लाकडावरची लव

४ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार उभ्या उभ्याच घालते, कारण बसायला जागा नाही. पेटी परवा पोचली. बाराही ट्रे सुखरूप आहेत, एकाचाही कोपरा दुखावलेला नाही. फक्त तू पेटीत भरलेला भुसा आता माझ्या केसांत, चहात आणि अंथरुणात आहे. ट्रे पलंगावर मांडलेत, मी खाली चटईवर. भाचीने तेलकामाचा धंदा घरातच थाटला की असं होतं.

फोनच केला असता. पण तू "काय? काय?" करतेस, मग मी ओरडते, आणि खालची घरमालकीण भांडण सोडवायला वर येते. तेव्हा पत्रच बरं.

आता मुद्द्याचं. नेहमीसारखं तेल लावायच्या आधी ओल्या फडक्याने ट्रे पुसून घेतले. ट्रे उद्या कुणीतरी धुणारच, तेव्हा लाकडाला जे काही उठवून दाखवायचंय ते माझ्यासमोरच दाखवू दे, असं तूच मला शिकवलंस. इतकी वर्षं तू ट्रेवर कोरलेल्या खवल्यांच्या नक्षीवरून ओलं फडकं फिरवलं तरी काही उठायचं नाही. गोल छिन्नीचा एकेक घाव आरशासारखा साफ. या खेपेला वाळल्यावर हात फिरवला तर अंगभर लव! बारीक, मऊ, पण लव. पीचच्या सालीवर असते तशी.

काकांनी धार लावली नव्हती का? की लाकूडच ओलसर होतं? हॉटेलवाल्या बाईंना मार्चअखेर अठ्ठेचाळीस ट्रे हवेत आणि त्या वस्ताद आहेत. त्या बोट फिरवून बघतात.

आणि हो, जानेवारीत पाठवलेली कार्डं आवडली की नाही? "कोरीवकाम : मावशी, तेलकाम : भाची" असं प्रत्येक ट्रेसोबत बांधायचं. अक्षर किती सुंदर आलंय बघ. तू एका शब्दाने काही कळवलं नाहीस.

तुझी,
भिंगरी

---

९ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझ्या पाण्यातच खोट आहे. तिकडे नळाला काय येतं देव जाणे. इथे मी स्वतः एका तुकड्यावर पाणी मारून बघितलं, काही लवबिव नाही. आणि फडकं कसलं वापरतेस? टॉवेल वापरत असशील. टॉवेलचे धागे लाकडावर राहतात आणि पोरी म्हणतात लव आली.

तीस वर्षं लाकूड खोदतेय मी. तू रांगत होतीस तेव्हा माझ्या टेबलाखालचे ढलपे खायचीस, आणि आता मला शिकवतेस.

तुझे काका बरे आहेत. जरा वन्संकडे गेलेत. येतील.

कार्डं छान आहेत. चहाच्या डब्याशेजारी ठेवलीत.

दुसरे बारा पाठवतेय. तेल नीट लाव. बाजारातलं उकळलेलं जवसाचं तेल आणू नकोस, लवकर सुकावं म्हणून त्यात नाही नाही ती औषधं घालतात, आणि लोकांना त्यावर खायचंय. कच्चंच आण, आणि धीर धर. तुला धीर नाही, हीच तुझी अडचण आहे.

तुझी मावशी
(बहिरी नाही. कमी ऐकणारी.)

---

१५ फेब्रुवारी

मावशी,

पाणी उकळून, गार करून घेतलं. जुन्या सुती चादरीचं फडकं घेतलं. तरीही लव, आणि आधीच्या बारांपेक्षा जास्त. भिंगाखाली बघितलं. खवल्यांच्या कडांना लाकूड कापलेलं नाही, ओरबाडलंय. हे पाण्याने होत नाही, मावशी. बोथट छिन्नीने होतं.

रागावू नकोस, पण मी एक आगाऊपणा केला. एका ट्रेवर पॉलिश पेपर मारून बघितला. लव गेली आणि तिच्याबरोबर खवलेही गेले. आता तो ट्रे देवीचे व्रण असलेल्या तोंडासारखा दिसतो. दुसऱ्या ट्रेला तसंच तेल लावलं आणि वर चहाचा थेंब टाकून ठेवला. गुळगुळीत लाकडावरून थेंब पुसला की काम झालं, पण इथे लवेत मुरून डाग कायमचा बसला. उद्या कुणी त्यावर सूप सांडलं तर? वास मारेल. "खाण्यासाठी सुरक्षित" असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

आता सरळ विचारते. तू दर पत्रात काकांचं काहीतरी लिहितेस. गुडघा, चष्मा, पेपरवरून घातलेले वाद. गेल्या दोन पत्रांत मिळून एक ओळ. काका वन्संकडे किती दिवसांसाठी गेलेत? आणि कधीपासून?

माझा जीव टांगणीला लागलाय. दिवसातून चार वेळा जिना उतरून पत्रपेटी बघते. घरमालकीण विचारते, लग्न जमतंय का.

भिंगरी

---

२० फेब्रुवारी

भिंगरे,

तुझे काका अठरा जानेवारीला गेले. सकाळी अकराच्या अकरा छिन्न्या धार लावून, तेल पुसून, कापडात गुंडाळून माझ्या टेबलावर ठेवल्या. मग पिशवी घेतली आणि वन्संकडे जातो म्हणाले. मी म्हटलं जा. मला वाटलं चार दिवस. आज महिना झाला.

ती धार ट्रेंचे आकार खोदेपर्यंतच पुरली, खवल्यांना उरली नाही. तीस वर्षं हे रोज सकाळी धारेच्या दगडाशी बसायचे आणि मी उठून नुसतं हत्यार उचलायचे. मला धार लावता येत नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, तुझ्या आईलासुद्धा नाही. लोकांना वाटतं कोरणाऱ्याला धार यायचीच. दोन-तीनदा बसले दगडाशी, तर होती ती धारही गेली.

का गेले ते विचारू नकोस. काही झालं नाही. माणूस म्हातारपणी रुसतो तसं काहीतरी.

मी रात्रंदिवस येरझाऱ्या घालतेय. हातात काम धरवत नाही आणि सोडवत नाही. बाईंना सांग जमणार नाही म्हणून. नाही, थांब. सांगू नकोस.

मावशी

---

१ मार्च

मावशी,

तू विचारू नकोस म्हणालीस, म्हणून विचारलं नाही. नुसता हिशोब जुळवला. टपालाच्या पावतीप्रमाणे माझी कार्डं तुझ्याकडे सोळा जानेवारीला पोचली, काका अठराला गेले. "कोरीवकाम : मावशी, तेलकाम : भाची." तीस वर्षं ज्यांनी धार लावली त्यांचं नावही नाही! मावशी, मी दगड आहे. मला कानाखाली वाजवायला हवी होतीस.

मग मी बसून नवी कार्डं लिहिली. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, "धार : काका". आणि रविवारी बस पकडून थेट तुझ्या वन्संकडे गेले.

काका अंगणात बसून बिजागऱ्यांना तेल घालत होते. त्या घरात आता एक दार कुरकुरत नाही. मला बघून खूश झाले, बिस्किटं काढली. मी कार्ड पुढे केलं, आणि रडत-रडत माफी मागितली. त्यांनी कार्ड वाचलं, उलटून बघितलं आणि चक्क हसले. "अगं, हे कसलं? माझं नाव लिहून लाकूड कापलं जाणारेय का?" आणि परत माझ्या हातात दिलं. मग म्हणाले, "कारण तुझ्या मावशीला विचार. तिला माहितेय."

मी म्हटलं, काका, तिचं काम अडलंय, ट्रेवर लव येतेय, तुम्ही चला. तेव्हा त्यांचा चेहरा जरा बदलला. म्हणाले, "धार हवीय ना? मग हत्यारं इकडे पाठव म्हणावं. मी लावून परतीच्या गाडीने धाडतो. दर आठवड्याला धाडीन, कधी अडू देणार नाही. मला यायची काय गरज?"

अगदी शांतपणे म्हणाले. रागाने म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.

मावशी, मला वाटतं आत्ता पाठवून दे. निदान ऑर्डर निघेल. बाकीचं मग बघू. आणि कारण काय ते मला सांग. मी तुझीच भाची, सांगितल्याशिवाय सोडणार नाही.

भिंगरी

---

६ मार्च

भिंगरे,

तुझं पत्र आलं आणि मी लगेच छिन्न्या कापडात बांधल्या, खोक्यात घातल्या, पार्सलच्या खिडकीशी जाऊन रांगेत उभी राहिले. माझ्यापुढे तीन माणसं होती. मग दोन राहिली. मग एक. खिडकीतला माणूस काहीतरी विचारत होता, मला ऐकू येत नव्हतं, मागचे लोक कावले. मी खोकं छातीशी धरलं आणि घरी परत आले.

कारण हे खोकं पाठवलं की ते म्हणतात तेच खरं ठरतं. मला धार हवी होती, माणूस नव्हे. धार पार्सलने मिळाली, संपलं.

आता ऐक. सतरा जानेवारीला तुझ्या हॉटेलवाल्या बाई इथे आल्या होत्या, मी कशी कोरते ते बघायला. हे खिडकीखाली आपल्या स्टुलावर दगडाशी बसले होते. बाईंनी हसून यांना विचारलं, "आणि आपण काय करता?" मला ऐकू कमी येतं, पण नेमकं हे ऐकू आलं. आणि यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "हे? हे काही करत नाहीत हो. असेच बसलेले असतात."

गंमत म्हणून म्हणाले मी. बाई हसल्या, मीही हसले. हेही हसले. संध्याकाळी जेवले, पेपर वाचला. आणि दुसऱ्या दिवशी गेले.

गंमत म्हणून म्हणाले असं मी गेला दीड महिना स्वतःला सांगतेय. पण ते खरं नाही. मला त्या बाईसमोर एकटीला मोठं व्हायचं होतं. लाज वाटते लिहिताना. आता तुला कळलं, तुझी कार्डं यात कुठेच नाहीत. उगाच रडलीस.

आज मी त्यांना चल म्हटलं तर ते काय समजतील? ऑर्डर अडली म्हणून बोलावतेय. आणि समजतील ते बरोबरच आहे, कारण ऑर्डर अडलीच आहे! म्हणून मी ठरवलंय. मी स्वतः धार लावायला शिकणार. ती येईपर्यंत त्यांच्याकडे जाणार नाही.

सोबत अकरा पातळ फळकुटं पाठवतेय, एकेका छिन्नीने कोरलेलं एकेक. मागे आकडे घातलेत. तू ओलं फडकं फिरव आणि कुठल्यावर लव येते ते कळव. मला इथे जवळचं दिसत नाही आणि लांबचं ऐकू येत नाही, तुझाच आधार आहे.

मावशी

---

११ मार्च

मावशी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तुला चिठ्ठीतून मिठी मारता येत असती तर मारली असती, आणि मग एक चिमटाही काढला असता.

निकाल. अकरापैकी दहांवर भरपूर लव. सात नंबरवर कमी. पाच नंबर तर जाऊ दे, मांजराने ओरबाडल्यासारखा आहे. खचून जाऊ नकोस.

मी जरा विचार केला, वाचलं वगैरे, आणि मला असं सुचलं. छिन्नीच्या उतारावर, म्हणजे धारेकडे तिरक्या होत गेलेल्या भागावर, आधी पेनची शाई लाव. मग दगडावर फिरव. जिथली शाई गेली तिथे दगड लागला, जिथे शाई राहिली तिथे नुसता समज झाला की लागला. आणि गोल छिन्नी पुढे-मागे नुसती घासायची नाही, मनगट कडेकडेने वळवत न्यायचं, गाडीचं चाक वळवतात तसं. दुसऱ्या बाजूला केसाएवढी कड बोटाला लागली की थांब. ती कड आतून काढ आणि चामड्याच्या पट्ट्यावर दहा वेळा ओढ. अकरा नाही, दहा. आणि घाई झाली की उठून एक चक्कर मारून ये.

बाईंचं पत्र आलंय. पंचवीसला बघायला येते म्हणतात. मी नखं खायला सुरुवात केलीय. लवकर पुढची फळकुटं पाठव.

भिंगरी

---

१५ मार्च

लबाडे,

"विचार केला, वाचलं वगैरे." तू? ज्या पोरीने आयुष्यात एक गोष्ट दहा वेळा मोजून केली नाही, ती मला अकरा नाही दहा सांगते? आणि घाई झाली की उठून चक्कर मार? हा उपदेश तू करावास! तू त्यांना विचारून आलीस. खोटं बोलायचं तर नीट बोलावं.

पण शाईची युक्ती खरी आहे. तीस वर्षं यांच्या बोटांना निळे डाग असायचे. मला वाटायचं हे कोडी सोडवतात पेपरातली. मी कधी विचारलंसुद्धा नाही, भिंगरे.

माझ्या अंगठ्याला चार जखमा आहेत, डाव्या तर्जनीला दोन. सकाळी सहाला दगडाशी बसते, नऊपर्यंत उठत नाही. परवा रागाने दगड खिडकीतून फेकणार होते, पण खाली शेजारणीच्या कुंड्या आहेत. काल पहिल्यांदा तीन नंबरच्या छिन्नीने लाकूड घेतलं आणि ढलपा असा निघाला की मी हात वर धरून बघतच राहिले. घावात चमक होती. मी एकटीच होते. दाखवणार कुणाला?

नवी अकरा फळकुटं सोबत आहेत. त्यांना तू काय सांगितलंस ते मात्र पुढच्या पत्रात सगळं लिही. एक शब्द गाळू नकोस.

मावशी

---

१९ मार्च

मावशी,

आधी चांगलं. अकरापैकी नऊ साफ! ओलं केलं, वाळवलं, गालावर घासून बघितलं. काही नाही. नऊ! घरमालकिणीला वर बोलावून दाखवलं, ती म्हणाली लाकूडच आहे की. आठ आणि अकरा थोडे राहिलेत.

आता वाईट. तुझ्या पायाशी बसून सांगतेय असं समज.

हो, मी काकांकडे गेले होते. युक्त्या विचारल्या. त्यांनी मन लावून सांगितल्या, माझं मनगट धरून वळवून दाखवलं, शाईची बाटलीसुद्धा देत होते. मग एकदम म्हणाले, "पण तिला कशाला शिकायचंय? मी लावून देतो म्हटलं होतं ना." आणि मी, मावशी, मी घाईत बोलून गेले, "तिला तुमची गरज पडायला नको आहे."

मला म्हणायचं होतं वेगळंच. मला म्हणायचं होतं, तू मोकळ्या मनाने त्यांना बोलवावंस म्हणून शिकतेयस. पण तोंडातून निघालं ते असं. काका हळूच "अच्छा" म्हणाले आणि माझं मनगट सोडलं. मी सारवासारव करायला लागले तर उठून आत गेले. वन्संच्या समोर मला जास्त बोलता येईना.

काल वन्संचं पोस्टकार्ड आलंय. त्यांच्या गल्लीत एक सुतारकामाचा कारखाना आहे. काकांनी तिथे हत्यारांचं काम धरलंय, एक एप्रिलपासून. आणि कारखान्यामागची एक खोली बघून आलेत.

मावशी, मी काय करून बसले! मी जाऊन समजावू का? पत्र लिहू का? तू सांगशील ते करते. माझं तोंड शिवून टाक हवं तर.

भिंगरी

---

२३ मार्च

भिंगरे,

काही करू नकोस. जाऊ नकोस, लिहू नकोस. तू आतापर्यंत पुष्कळ केलंस.

पत्र वाचलं. पिशवी काढली, साडी बदलली, दारापर्यंत गेले. मग परत फिरले. अजून दोन छिन्न्या राहिल्या होत्या. तेव्हा गेले असते तर तेव्हाही त्यांना म्हणता आलं असतं, दोन राहिल्या म्हणून आली.

आठ आणि अकरा काल जमल्या. ही पेटी घे. यात नवे बारा आहेत, आणि पुढचे बारा आठ दिवसांत तयार होतील. पहिले चोवीस मात्र फुकट गेले. जाळ त्यांना, नाहीतर त्यांवर फुलझाडांच्या कुंड्या ठेव. मी पुन्हा कोरीन. बाईंना खरं सांग. आमच्याकडे धार लावणारा नव्हता, म्हणून उशीर झाला, असं सांग. याच शब्दांत सांग.

मावशी

---

३० मार्च

मावशी,

सांगितलं, याच शब्दांत. बाईंनी हातातला ट्रे खाली ठेवला. मग म्हणाल्या, "ते खिडकीखाली बसलेले गृहस्थ?" मी हो म्हटलं. मग बराच वेळ नव्या ट्रेवरून बोट फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, तेल पूर्ण मुरेपर्यंत थांबते, एप्रिलअखेरीस चोवीस द्या, बाकीचे होतील तसे. हॉटेल तोवर स्टीलच्या ट्रेवर चालेल.

दुसरे बारा कालच आले. पंचवीसदा पुसून बघितले. लव नाही. लवेचा ल नाही.

पेटीत चिठ्ठी नव्हती. भुसा सगळा उपसला, फरशीवर चाळला, चिठ्ठी नाही. मावशी, परवा एक तारीख आहे. तू गेलीस का? जाणार आहेस का? निदान एक ओळ लिही. मी तीन दिवस जिन्यातच राहते आहे.

भिंगरी

---

१२ एप्रिल

भिंगरे,

उशीर झाला म्हणून ओरडू नकोस. ओरडलीस तरी मला ऐकू येणार नाही.

मी एकतीसला गेले. हातात काही घेतलं नाही. छिन्नी नाही, ट्रे नाही, डबासुद्धा नाही, नाहीतर त्यांना वाटलं असतं काहीतरी दाखवायला आणलंय. बसमध्ये वाक्यं जुळवत होते. उतरेपर्यंत सगळी विसरले.

हे अंगणात खुर्चीवर बसले होते. खोलीत न्यायचं सामान शेजारी बांधून तयार. एक पिशवी आणि एक गुंडाळलेली चटई, एवढंच काय ते सामान. मला बघून उठले आणि पहिला प्रश्न विचारला, "काम अडलं का?" ते नेहमी माझ्या डाव्या कानाशी येऊन बोलतात, तसंच येऊन विचारलं. मी म्हटलं, नाही. सगळ्या छिन्न्यांना धार आहे. पेट्या गेल्या. लव नाही. त्यांनी माझा अंगठा धरून उलटा-सुलटा बघितला, जखमा मोजाव्यात तसा. "चांगली लावलीस," म्हणाले. "मग आता काय हवंय?"

वन्सं आत स्वयंपाकघरात होत्या. त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून मी अगदी हळू बोलायचं ठरवलं. भिंगरे, मला खरंच वाटलं मी कुजबुजतेय. नंतर कळलं, समोरच्या घराची खिडकी उघडली, वन्सं हातात डाव घेऊन दारात आल्या, आणि कारखान्यातल्या दोन सुतारांनी करवत थांबवली. मी म्हणाले, "अहो, मला धार नकोय. ती मला लावता येते आता. त्या दिवशी बाईंसमोर तुम्ही काही करत नाही म्हणाले ते खोटं होतं. आणि खरं असतं, तुम्ही आयुष्यभर नुसते बसून राहिला असतात, तरीसुद्धा मला तुम्हीच हवे होतात."

तुझ्या काकांचे कान लाल झाले. ते खाली बघत राहिले. मला वाटलं संपलं सगळं, आता मी उलट पावली बस गाठते. मग वन्संनी काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही, आणि ह्यांनी चटई सोडायला घेतली. चटई वन्संची होती म्हणे, परत द्यायला हवी.

बसमध्ये बसल्यावर म्हणाले, "आठ दिवसांसाठी येतोय." मी म्हटलं बरं. कारखान्यात काय कळवलं ते मी विचारलं नाही.

आज बारावा दिवस आहे. धार मीच लावते. सकाळी सहाला मी दगडाशी बसते आणि हे समोर खुर्ची टाकून बसतात. मीच सांगितलंय हात लावायचा नाही. माझं मनगट वाकडं गेलं की त्यांची मान वाकडी होते, ओठ हलतात, पण बोलत नाहीत. चहा होतो, पेपर वाचून होतो, पुन्हा येऊन बसतात. ह्या माणसाला रिकामं बसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं, मलाच बघून अस्वस्थ व्हायला होतं.

काल न राहवून मी विचारलं, "नुसतं बसून कंटाळा नाही येत तुम्हाला?"

"येतो की," म्हणाले.

पण उठले नाहीत.

मावशी